विंदालू आज शिजवा, उद्या खा

नोकरीच्या निमित्ताने गोव्यात म्हापशाला राहत होतो, तेव्हा घरमालकीण आंटींच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा विंदालू, म्हणजे व्हिनेगर-लसणात मुरवलेल्या डुकराच्या मांसाचा रस्सा, शिजताना पाहिला. शनिवारची दुपार होती. वास जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत आला होता: लसूण, दालचिनी आणि नाकात झिणझिण्या आणणारं काहीतरी आंबट. मी आशेने घुटमळत उभा राहिलो. आंटींनी गॅस बंद केला, भांड्यावर झाकण ठेवलं आणि म्हणाल्या, "आयज न्हय, फाल्यां." आज नाही, उद्या.

घाटावरून आलेल्या मला हे नवीन होतं. आमच्याकडे मटणाचा रस्सा चुलीवरून उतरला की थेट ताटात येतो. पण रविवारी दुपारी पावाबरोबर तो विंदालू खाल्ला आणि एक दिवस का थांबायचं ते कळलं. हा पदार्थ मिरचीचा आहे असं बाहेरच्या जगाला वाटतं. खरं तर तो व्हिनेगरचा आणि वेळेचा आहे. एवढं मनात पक्कं ठेवलंत, तर पहिल्याच खेपेला चांगला विंदालू तुमच्या हातून होईल.

म्हणून खालची कृती तीन दिवसांची आहे. शुक्रवारी रात्री मुरवायचं, शनिवारी शिजवायचं, रविवारी खायचं. प्रत्यक्ष हाताचं काम सगळं मिळून दीड तासाचं. बाकीचं काम भांडं आणि फ्रिज करतात.

आधी बटाट्याचा निकाल लावू

विंदालूतला 'आलू' म्हणजे बटाटा नव्हे. पोर्तुगीजांचा 'कार्न द व्हिन्या दाल्युश' नावाचा पदार्थ आहे: वाइन किंवा वाइनच्या व्हिनेगरमध्ये आणि लसणात मुरवलेलं मांस. 'आल्यु' म्हणजे लसूण. मदेइरा बेटावर नाताळात तो आजही होतो. लांबच्या समुद्रप्रवासात मांस टिकवायची ही युक्ती 1510 नंतर पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आली. इथे द्राक्षांची वाइन नव्हती, पण माड होते. माडाची सूर, म्हणजे माडी, होती आणि सुरेपासून होणारं व्हिनेगर होतं. काळी मिरी, लवंग, दालचिनी या किनाऱ्यावर आधीपासूनच होती. मिरची पोर्तुगीजांच्याच जहाजांतून अमेरिकेकडून आली. हे सगळं गोव्याच्या ख्रिस्ती घरांतल्या बायकांच्या हाताखालून गेलं आणि त्यातून आजचा विंदालू झाला. लिस्बनच्या माणसाला तो आपला वाटणार नाही इतका तो गोव्याचा आहे.

ब्रिटनमधल्या भारतीय हॉटेलांनी पुढे त्याच नावाखाली भरमसाट तिखट, टोमॅटो आणि बटाटे घातलेला रस्सा विकायला सुरुवात केली. तिथे राहणाऱ्या आपल्या मंडळींनी बहुधा तोच खाल्लेला असतो. त्या चवीच्या अपेक्षेने हे वाचत असाल, तर ती बाजूला ठेवा. या विंदालूत बटाटा नाही, टोमॅटो नाही, नारळही नाही.

साहित्य: चार ते सहा माणसांसाठी

- डुकराचं मांस, चरबी आणि कातडीसकट: 1 किलो
- सुक्या काश्मिरी मिरच्या: 15
- जास्त तिखट हवं असेल तर लवंगी किंवा तत्सम मिरच्या: 2 ते 4
- लसूण: 15 मोठ्या पाकळ्या
- आलं: दीड इंच
- जिरं: 1 छोटा चमचा
- काळी मिरी: 15 दाणे
- लवंगा: 6
- दालचिनी: एक-एक इंचाचे 2 तुकडे
- हळद: अर्धा छोटा चमचा
- माडाचं व्हिनेगर: 150 मिली
- कांदे: 2 मध्यम
- गूळ: 1 छोटा चमचा (गोव्यात मिळतो तो माडाचा काळा गूळ असेल तर फारच उत्तम)
- मीठ: मुरवताना 2 सपाट छोटे चमचे, पुढे चवीप्रमाणे
- तेल: 2 मोठे चमचे

यादी छोटी वाटेल. धणे, बडीशेप, खसखस, सुकं खोबरं यांतलं काहीही राहून गेलेलं नाही. आपला हात सवयीने खोबऱ्याच्या वाटीकडे जातो, तो आवरायचा.

मांस

नवशिक्या माणसाची चूक बहुतेक वेळा खाटकाच्या दुकानातच होते. "चरबी काढून द्या" असं सांगितलं की विंदालू तिथेच कोरडा पडतो. व्हिनेगरमध्ये शिजणारं निव्वळ लाल मांस चिवट आणि भुसभुशीत होतं. त्याला ओलावा चरबी देते आणि रश्शाला दाटपणा कातडी देते. कातडीत आणि सांध्यांच्या आसपास कोलॅजन असतं. मंद आचेवर तासाभरात ते विरघळतं आणि रस्सा ओठांना किंचित चिकटेल असा होतो. पीठ, काजू, दाणे असलं काहीही न घालता विंदालूचा रस्सा दाट होतो तो यामुळे.

दुकानात खांद्याचा भाग अर्धा आणि पोटाकडचा पदर असलेला भाग अर्धा मागा. पोटाच्या भागात मांस आणि चरबी यांचे थर एकाआड एक दिसतात. साधारण दोन भाग मांस आणि एक भाग चरबी-कातडी हे प्रमाण चांगलं. थोडी हाडं आली तर येऊ द्या. मांस गुलाबी, चरबी पांढरीशुभ्र आणि घट्ट हवी. चरबी पिवळसर किंवा वास उग्र असेल तर दुसरं दुकान बघा. महाराष्ट्रात हे मांस गल्लोगल्ली मिळत नाही. मुंबईत वांद्रे, माहीम, जवळच वसई अशा ख्रिस्ती वस्त्यांच्या बाजारांत आणि पुण्यात कॅम्पाच्या बाजूला चौकशी करावी. बंद पाकिटातलं गोठवलेलं मांसही चालतं, फक्त रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून ते पूर्ण सुटू द्या. अर्धवट गोठलेल्या मांसात मसाला शिरत नाही आणि वितळलेलं पाणी सगळं पांचट करतं.

घरी आणल्यावर कातडीवर केस राहिलेत का ते बोट फिरवून पाहा. राहिले असतील तर चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवर भाजा आणि सुरीने खरवडा. मग दीड इंचाचे चौकोनी तुकडे करा. याहून लहान केलेत तर शिजेपर्यंत मांसाचे धागे सुटतात. तुकडे धुऊन चाळणीत निथळत ठेवा आणि स्वच्छ फडक्याने टिपून घ्या. पाणी राहिलं तर व्हिनेगर पातळ होतं. व्हिनेगर पातळ झालं की मुरवण्याला काही अर्थ उरत नाही.

कच्चं डुकराचं मांस कापलेली फळी आणि सुरी लगेच साबणाने धुवा. त्याच फळीवर कोशिंबीर कापू नका. हे मांस कधीही अर्धकच्चं खायचं नसतं. आपल्या कृतीत ते तासभराहून अधिक उकळत्या रश्शात असतं, त्यामुळे त्या बाजूने काळजी नाही.

व्हिनेगर

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळी चव इथे ठरते.

गोव्यात माडावर चढून सूर काढणाऱ्याला रेंदेर म्हणतात. पोय म्हणजे माडाचा फुलोरा; ती फुटायच्या आधी तिचं टोक छाटून खाली मडकं बांधतात आणि त्यात गोडसर रस जमतो, तीच सूर. आपण तिला माडी म्हणतो. ती काही तासांतच आपोआप आंबायला लागते आणि तिची दारू होते. तशीच ठेवून दिली की हवेतल्या जिवाणूंमुळे काही आठवड्यांत त्या दारूचं व्हिनेगर होतं. ते गढूळ, फिकट सोनेरी रंगाचं असतं. त्याला आंबटपणाच्या मागून येणारा हलका गोडवा आणि किंचित दारूचा वास असतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ते जुन्या बाटल्यांत भरून विकायला ठेवलेलं असतं. शेजारी चोरीसच्या, म्हणजे गोव्याच्या सॉसेजच्या, माळा आणि मिरच्यांचे ढीग. गोव्याला जाणं झालं तर एक बाटली आणाच. बूच घट्ट लावून अंधाऱ्या कपाटात ठेवली तर ती खूप महिने टिकते.

किराणा दुकानातलं पांढरं, पाण्यासारखं स्वच्छ व्हिनेगर ही निराळी गोष्ट आहे. बाटलीवर 'सिंथेटिक' लिहिलेलं असेल तर ते पाण्यात मिसळलेलं ॲसेटिक ॲसिड आहे. ते आंबट असतं, पण त्याला आंबटपणाखेरीज दुसरी चवच नसते आणि घशाला ओरखडतं. नाइलाज असेल तर 150 मिलीऐवजी 100 मिली घ्या, 50 मिली पाणी घाला आणि गूळ अर्धा चमचा वाढवा. काम भागेल. त्यापेक्षा सफरचंदाचं, आंबवून केलेलं व्हिनेगर मी निःशंक सुचवेन. ब्रिटनमध्ये असाल तर माल्ट व्हिनेगर सहज मिळतं, पण त्याची स्वतःची चव फार पुढे येते, तेव्हा तिथेही सफरचंदाचंच घ्या. अमेरिका, कॅनडा, आखाती देश अशा ठिकाणी फिलिपिनो दुकान शोधा. त्यांच्याकडेही माडाच्या सुरेला मान आहे. ते तिला 'तुबा' म्हणतात आणि तिचं व्हिनेगर बाटलीत मिळतं. नारळाच्या पाण्यापासून केलेलं व्हिनेगरही त्याच फळीवर असतं. लेबल वाचून सुरेचं घ्या.

कोणतंही व्हिनेगर पहिल्यांदा वापरताना एक चमचा व्हिनेगर अर्धा कप पाण्यात घालून चाखा. लिंबाच्या सरबतासारखा आंबटपणा लागला तर प्रमाण बरोबर आहे. तोंड वाकडं झालं तर थोडं कमी घ्या. घरगुती बाटल्यांचा जोर सारखा नसतो.

मिरच्या

काश्मिरी मिरची रंग देते, तिखटपणा बेताचाच देते. ती मिळाली नाही तर ब्याडगी घ्या, रंगाला तीही उत्तम. गोव्यातल्या जुन्या घरांत हळदोण्याची किंवा काणकोणजवळच्या खोल्याची मिरची वापरतात. त्यांच्यासाठी लोक उन्हाळ्यात पुरुमेंताच्या बाजारापर्यंत थांबतात. पुरुमेंत म्हणजे पावसाळ्यासाठीची बेगमी: मिरच्या, सुकी मासळी, चिंच, व्हिनेगर, सगळं मे महिन्यात भरून ठेवायचं. आपल्याकडे उन्हाळ्यात वर्षाचं तिखट-मसाला कांडून ठेवतात, त्याचीच ही किनाऱ्यावरची बहीण.

निम्म्या मिरच्यांच्या बिया झटकून टाका. बिया जास्त झाल्या की वाटण कडसर आणि खरखरीत होतं. मिरची पूड वापरून वेळ वाचवावा असं वाटेल. नका वापरू. पूड कोरडी असते, तळाला लागते. मिरची व्हिनेगरमध्ये भिजून फुगली की तिचा गर निघतो आणि त्या गरानेच रश्शाला अंग येतं.

भांडं

माझा पहिला विंदालू ॲल्युमिनियमच्या पातेल्यात झाला आणि त्याला धातूची चव आली. पातेल्याचा तळ शिजता शिजता लख्ख पांढरा निघाला, म्हणजे जे निघालं ते रश्शात गेलं. आंबट पदार्थ ॲल्युमिनियम, लोखंड आणि कल्हई नसलेली तांब्या-पितळेची भांडी यांत शिजवायचा नाही आणि ठेवायचाही नाही. जाड बुडाचं स्टीलचं पातेलं किंवा मातीचं मडकं घ्या. मडक्यात आच हळू पोचते आणि उशिरापर्यंत टिकते. असेल तर तेच वापरा, पण ते नाही म्हणून अडून बसू नका. मुरवायला काचेचं, चिनीमातीचं किंवा स्टीलचं भांडं घ्यावं.

शुक्रवार रात्र: वाटण आणि मुरवण

मिरच्यांची देठं काढून त्या 120 मिली व्हिनेगरमध्ये बुडवा. उरलेलं 30 मिली बाजूला ठेवा, ते उद्या शेवटी लागेल. जिरं, मिरी, लवंग, दालचिनीही त्याच व्हिनेगरमध्ये घाला. अर्धा-पाऊण तास भिजू द्या.

खडा मसाला भाजायचा नाही. कोल्हापुरी, मालवणी वाटणं करणाऱ्या हाताला हे चुकल्यासारखं वाटतं, मलाही वाटलं होतं. भाजलेल्या मसाल्याचा खमंगपणा रश्शावर चढून बसतो आणि व्हिनेगरची चव त्याखाली दबते. कच्चा मसाला रात्रभर आंबटात मुरतो आणि नंतर तासभर शिजतो, त्यामुळे त्याचा कच्चेपणा राहत नाही.

भिजलेलं सगळं आलं, लसूण आणि हळदीबरोबर मिक्सरमध्ये घालून अगदी गंधासारखं वाटा. आंटींच्या घरी हे दगडी रगड्यावर व्हायचं आणि खरंच वेगळं लागायचं, पण मिक्सरमध्येही छान होतं. अट एकच: पाणी घालायचं नाही. भांडं फिरेनासं झालं तर थांबा, कडा चमच्याने खाली ओढा, पुन्हा फिरवा. चार-पाच वेळा असं करावं लागेल. झाकण उघडताना तोंड बाजूला ठेवा, कारण व्हिनेगरमध्ये वाटलेल्या मिरचीची वाफ डोळ्यांत गेली तर पंधरा मिनिटं दुसरं काही सुचत नाही.

मांसाला आधी मीठ चोळा आणि पाच मिनिटांनी वाटण. हातमोजे घालून चोळा. नसतील तर हाताला तेल लावून घ्या आणि नंतर डोळ्यांना हात लावू नका. प्रत्येक तुकडा सगळ्या बाजूंनी लाल झाला पाहिजे. मिक्सरच्या भांड्याला चिकटलेला मसाला तसाच राहू द्या, उद्या लागेल.

झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवा. किमान बारा तास, चांगलं म्हणजे अठरा ते चोवीस तास. दोन दिवसांच्या पुढे मात्र जाऊ नका, आंबटात फार राहिलं की मांसाची वरची बाजू पिठूळ होते. पूर्वी हे मडक्यात, फ्रिजशिवाय व्हायचं हे खरं. पण तेव्हा व्हिनेगर आणि मीठ पुष्कळ जास्त असायचं आणि मांस त्याच दिवशी कापलेलं असायचं. आपल्या प्रमाणात फ्रिजला पर्याय नाही.

शनिवार: शिजवणं

मांस तासभर आधी बाहेर काढा. कांदे बारीक चिरा. पातेल्यात दोन चमचे तेल तापवून कांदा मध्यम आचेवर परता, दहा-बारा मिनिटं, बदामी होईपर्यंत. काही घरांत विंदालूत कांदा अजिबात घालत नाहीत, कारण कांद्याविना तो जास्त दिवस टिकतो. मला थोडा कांदा आवडतो, त्याच्या गोडव्याने व्हिनेगरला आधार मिळतो. पण दोनच. चार घातलेत तर तो आपला नेहमीचा कांद्याचा रस्सा होईल.

आता मांस मसाल्यासकट घाला आणि आच वाढवा. आठ-दहा मिनिटं वरखाली हलवत राहा. आधी व्हिनेगरचा झणका उठेल, खिडकी उघडी ठेवा. हळूहळू तुकड्यांचा कच्चा रंग जाईल आणि कडेने तांबूस तेल दिसू लागेल.

मग आच एकदम मंद. पातेल्यावर खोलगट ताट झाका आणि त्या ताटात पाणी घाला. आजीच्या काळापासून आपण उसळी आणि मटण असंच वाफेवर शिजवतो, विंदालूलाही ही पद्धत फार मानवते. मांसाचं स्वतःचं पाणी सुटतं, ते झाकणाला लागून परत खाली पडतं आणि सगळं आपल्याच रसात शिजतं. दर दहा-बारा मिनिटांनी ताट काढून तळापासून हलवा. पहिल्या अर्ध्या तासात एवढं पाणी सुटतं की वरून घालायची गरज पडत नाही. पुढे कोरडं वाटलं तर ताटातलं गरम पाणी अर्धी वाटी घेऊन मिक्सरचं भांडं विसळा आणि तेवढंच घाला. गार पाणी घालू नका.

सव्वा ते दीड तास लागतो. घड्याळापेक्षा कातडीवर विश्वास ठेवा. कातडीचा एक तुकडा बाहेर काढून चमच्याच्या कडेने दाबा. सहज कापला गेला तर झालं. रबरासारखा परतला तर अजून पंधरा मिनिटं. लाल मांस त्याच्या आधीच मऊ झालेलं असतं, त्यावरून फसून गॅस बंद करू नका.

कुकरचा मोह होईल. कुकरमध्ये मांस शिजतं, पण पाणी आटत नाही आणि रस्सा पांचट राहतो. शिवाय पुष्कळ घरांतले कुकर ॲल्युमिनियमचेच असतात. वेळ अगदीच नसेल तर स्टीलच्या कुकरमध्ये अर्धी वाटी पाणी घालून मंद आचेवर तीन शिट्ट्या करा आणि नंतर झाकण काढून वीस मिनिटं आटवा.

मांस शिजलं की ताट काढा. गूळ आणि बाजूला ठेवलेलं 30 मिली व्हिनेगर घाला आणि उघड्यावर पाच-सात मिनिटं उकळू द्या. पहिलं व्हिनेगर मांसात शिरून मवाळ झालेलं असतं, या दुसऱ्याने चवीला टोक येतं. रस्सा चमच्याच्या पाठीला चिकटेल इतका दाट आणि वर बोटभर लाल तवंग, एवढं दिसलं की गॅस बंद.

आता चाखून बघाल आणि बहुधा नाराज व्हाल. आंबट वेगळं, तिखट वेगळं, दालचिनी भलतीकडेच लागेल. शनिवारी तो असाच लागतो, काही बिघडलेलं नाही. मीठ मात्र आत्ताच बघा, कमी असेल तर घाला. गूळ आणि व्हिनेगरला उद्यापर्यंत हात लावू नका. गार झाला की, दोन तासांच्या आत, झाकून फ्रिजमध्ये ठेवा.

रविवार

सकाळी झाकण उघडाल तेव्हा वर केशरी चरबीचा थर गोठलेला असेल आणि त्याखाली रस्सा जेलीसारखा थरथरेल. कातडीतून सुटलेल्या कोलॅजनचं हे काम. चरबी फार वाटली तर निम्मी काढून वाटीत ठेवा. फेकू नका, बटाट्याच्या काचऱ्या परतायला ती अप्रतिम आहे. बटाट्याची विंदालूशी गाठ पडायची असेल तर ती अशी पडावी.

मंद आचेवर गरम करा. सुरुवातीला पाणी घालायचा मोह टाळा, गोठलेला रस्सा आपोआप सैल होतो. एक चांगली उकळी येऊ द्या. आता चाखा. आंबट, तिखट, मिठाची आणि गुळाची चव आता एकमेकांत विरघळलेली असते, आणि लसूण तर शोधूनही वेगळा सापडत नाही.

अजून काही खटकलं तर ते सुधारता येतं. फार आंबट वाटला तर पाणी नको, पाव चमचा गूळ घालून पाच मिनिटं उकळा. पाण्याने आंबटपणाबरोबर रस्साही पातळ होतो. फार तिखट झाला असेल तर एक कांदा खरपूस तळून चुरडून घाला. नारळाचं दूध घालाल तर तो दुसराच पदार्थ होईल. सपक वाटत असेल तर बहुतेक वेळा मीठच कमी असतं, आंबट पदार्थाला नेहमीच्या अंदाजापेक्षा थोडं जास्त लागतं. कडसर चव आली असेल तर लवंगा जास्त झाल्या किंवा बिया. ते आज निघणार नाही, पुढच्या वेळी लक्षात ठेवा.

कशाबरोबर खायचा

गोव्यात पोदेराकडची, म्हणजे पाववाल्याकडची, पोई असते: कोंड्याचा, आत पोकळ पाव. तिचा तुकडा रश्शात बुडवला की तो रस्सा आत भरून घेतो. सणाला, लग्नाला आणि फेस्ताला सान्नां करतात: सुरेने फुगवलेला, उकडलेला, किंचित गोड, इडलीसारखा तांदळाचा पदार्थ. महाराष्ट्रात बेकरीतला ताजा लादीपाव किंवा ब्रून पाव छान जातो. साधा भात चालतो, चपाती मला तितकी जुळत नाही. बाजूला मिठात चुरलेला कांदा असावा. त्यावर लिंबू पिळू नका, ताटात आंबट पुरेसं आहे.

वसई, उत्तन, गोराई भागातल्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती, घरांत याचंच भावंड होतं, त्याला इंदियाल म्हणतात. ही मंडळी मराठीच बोलतात, त्यामुळे शेजारी असतील तर विचारायला संकोच नको. ते बदकाचंही इंदियाल करतात. मंगळूरकडच्या ख्रिस्ती घरांत इंदाद असतं. तिन्ही नावं एका पाठोपाठ उच्चारून बघा, नातं कानालाच कळतं.

डुकराचं मांस न खाणाऱ्या घरांसाठी बदक हा सर्वांत जवळचा पर्याय, कारण त्याच्या कातडीखाली चरबी असते. मटणाचा करायचा तर चरबीचे तुकडे मागून घ्या आणि शिजायला अर्धा तास जास्त धरा. कोंबडी असेल तर तंगड्याच घ्या, चार तासांपेक्षा जास्त मुरवू नका आणि व्हिनेगर 100 मिलीवर आणा.

उरलेला विंदालू फ्रिजमध्ये चार दिवस राहतो, रोज लागेल तेवढाच वेगळा काढून गरम करा. फ्रीझरमध्ये दोन महिने. तिसऱ्या दिवशी तो सर्वांत चांगला लागतो असं आंटींचं म्हणणं होतं. त्या तेवढ्यासाठी चार तुकडे आणि वाटीभर रस्सा मागे ठेवायच्या. सोमवारी सकाळी तो तव्यावर आटवायचा, पाव मधून उघडून आत भरायचा, आणि मग कामावर जायचं.